मोटारीचा पहिला धनी

ताम्रपटावर दान देणाऱ्याचें नांव असतें, नाण्यावर राजाचें असतें, आणि तोफेवर पुष्कळदां ती ओतणाऱ्या कारागिराचेंहि असतें. मोटारीवर कारखान्याचें नांव ठळक अक्षरांत झळकत असतें. परंतु ज्यानें ती प्रथम पैसे मोजून घेतली त्याचें नांव तिच्या अंगावर कोठेंहि आढळत नाहीं. तिच्या लोखंडी सांगाड्यावर आणि इंजिनावर कांहीं आंकडे ठोकलेले असतात, पण ते वाचूं जाणणाऱ्याशींच बोलतात. त्यामुळें पन्नास-पाऊणशें वर्षांनीं एखादी जुनी मोटार कोणाच्या वखारींतून बाहेर निघाली, कीं तिच्या मूळ मालकाचें नांव कागदांतून निघण्याच्या आधीं लोकांच्या तोंडून निघतें; आणि तोंडून निघणारें नांव बहुधा मोठें असतें. अमुक संस्थानिकाची, तमुक सेनापतीची असें सांगितलें कीं पाहणाऱ्यांची गर्दी होते आणि विकणाऱ्यास चार पैसे अधिक मिळतात. एखाद्या वकिलाची किंवा दुकानदाराची मोटार पाहावयास तिकीट काढून कोण जाणार?

महाराष्ट्रीय वाचकास हा प्रकार अपरिचित नाहीं. बखरी आणि अस्सल पत्रें यांच्या प्रामाण्याविषयीं राजवाड्यांनीं जो वाद मांडला, त्याचें मूळ हेंच होतें कीं बखरकाराला घडलेल्या गोष्टीपेक्षां शोभणारी गोष्ट अधिक प्रिय असते. अलीकडचेंच उदाहरण घ्यावयाचें तर २०२४ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतून साताऱ्यास प्रदर्शनासाठीं आलेल्या वाघनखांचें घेतां येईल. तीं ग्रँट डफ याच्या घराण्याकडून त्या संग्रहालयास मिळालीं, आणि त्यांच्या पेटीवर शिवाजी महाराजांचें नांव लिहिलेलें आहे. तथापि महाराजांनीं अफझलखानाच्या वधाच्या वेळीं वापरलेलीं तीं हींच, हें सिद्ध करतां आलेलें नाहीं, असें तें संग्रहालय स्वतःच सांगतें. पेटीवरील लेख हा वस्तूच्या मालकीचा पुरावा नसून, पेटी करविणाऱ्याच्या समजुतीचा पुरावा असतो. मोटारीच्या बाबतींत असल्या पेट्या फारच झाल्या आहेत.

वास्तविक मोटार ही या शतकांच्या वस्तूंपैकीं सर्वांत जास्त कागद मागें ठेवणारी वस्तु. कारखान्यांतून निघतांनाच तिला एक अनुक्रमांक मिळतो. तो सांगाड्यावर ठोकतात, आणि व्यवस्थित चालणाऱ्या कारखान्याच्या वहींत त्या आंकड्यासमोर ती गाडी कोणत्या दिवशीं, कोणत्या अडत्याकडे किंवा गिऱ्हाइकाकडे रवाना झाली याची नोंद असते. हें तिचें माहेरचें नांव म्हणावें. पुढें रस्त्यावर फिरण्यासाठीं सरकार दुसरा क्रमांक देतें व तो पाटीवर रंगवतात. हें सासरचें नांव. घर बदलेल तसें तें बदलूं शकतें. इंग्लंडांत १९०३ च्या मोटार कायद्यानें १ जानेवारी १९०४ पासून ही नोंदणी सक्तीची झाली, आणि परगण्या-परगण्याच्या कचेऱ्यांतून जाड वह्या भरूं लागल्या. १९७० नंतर ही सर्व नोंदणी स्वान्सी येथील एका मध्यवर्ती कचेरीकडे गेली, तेव्हां जुन्या वह्यांपैकीं कित्येक रद्दी समजून नष्ट करण्यांत आल्या. ज्या कोणा दक्ष माणसांच्या हातीं लागल्या त्या वांचल्या. जर्मनींत पाटीच्या आरंभींच्या अक्षरांवरूनच गाडीचें गांव कळे. रोमन एकाचा आंकडा व पुढें ‘ए’ असें अक्षर असलें म्हणजे गाडी बर्लिनची, रोमन दोन व ‘ए’ असलें म्हणजे म्यूनिकची. कारखान्याची वही, सरकारी नोंद आणि त्या काळचें एखादें स्पष्ट छायाचित्र या तिन्हींचा मेळ बसला, तर मालकाचें नांव हातीं आलें असें समजण्यास हरकत नाहीं. मधला एक दुवा निसटला कीं बखर सुरू झालीच.

ती कशी सुरू होते हें पाहावयाचें असेल तर दोन मर्सिडीज गाड्यांची हकीकत लक्षांत घेण्यासारखी आहे. डाइमलर-बेंझ कंपनीनें १९३० सालीं ‘ग्रोसर मर्सिडीज’ या नांवाची एक प्रचंड गाडी काढली. आपल्या भाषेंत तिला थोरली मर्सिडीज म्हणतां येईल. आठ सिलिंडरांचें, सुमारें पावणेआठ लिटरांचें तिचें इंजिन होतें. पदच्युत होऊन हॉलंडांत जाऊन राहिलेला कैसर विल्हेम आणि जपानचा सम्राट् हिरोहितो असे तिचे गिऱ्हाईक होते. त्या पहिल्या घडणीच्या गाड्या ११७ झाल्या. १९३८ पासून १९४३ पर्यंत दुसऱ्या घडणीच्या अवघ्या ८८ झाल्या, आणि त्यांतील बऱ्याच नाझी राजवटीच्या सेवेंत होत्या. अठ्ठ्याऐंशीं गाड्यांची वंशावळ ती केवढीशी! पण युद्ध संपतांच तिच्यांत असा कांहीं घोळ झाला, कीं तो निस्तरावयास कित्येक वर्षें लागलीं.

पहिली गाडी १९४८ सालीं अमेरिकेस पोंचली. शिकागोचा ख्रिस्तोफर जेनस नांवाचा एक व्यापारी स्वीडनमधील एका पेढीकडून आपलें येणें वसूल करीत होता. पैशांच्या ऐवजीं त्याला ही मोटार मिळाली, आणि ती खुद्द हिटलरची असें सांगण्यांत आलें. जेनसनें ती गांवोगांव फिरवली. ज्या माणसानें सगळें यूरोप जाळलें त्याच्या बसण्याची गाडी पाहण्यासाठीं लोक रांगा लावून उभे राहिले. युद्ध संपून तीनच वर्षें झालीं होतीं, पुष्कळांच्या घरचे मुलगे परत आलेले नव्हते; त्या गर्दींत नुसतें कुतूहलच होतें असें म्हणतां येणार नाहीं. परंतु कागद निराळें सांगत होते. ही गाडी हिटलरनें १९४१ च्या डिसेंबरांत फिनलंडचा सेनापति मॅनरहाइम याला भेट म्हणून पाठविलेली होती. त्या वेळीं फिनलंड रशियाविरुद्ध जर्मनीच्या बाजूनें लढत होतें. १९४४ सालीं ती जोडी फुटली, मॅनरहाइम आपल्या देशाचा अध्यक्ष झाला, आणि पुढें गाडी स्वीडनमध्यें गेली. म्हणजे हिटलरचा संबंध खरा होता, पण तो दात्याचा, धन्याचा नव्हे. आपल्याकडे एखाद्या सरदारास पेशव्यांकडून मिळालेला हत्ती पेशव्यांच्या हत्तींत मोजावा, तशांतला हा हिशेब. पण मॅनरहाइमच्या नांवावर अमेरिकेंत किती तिकिटें खपलीं असतीं हाहि प्रश्नच आहे.

दुसरीची कथा अधिक नवलाची आहे. १९४५ च्या मे महिन्यांत, साल्झबर्गच्या उत्तरेस लाउफेन येथें, अमेरिकन सैन्यांतील जो अझारा नांवाच्या सार्जंटास आगगाडीच्या एका उघड्या वाघिणीवर ठेवलेली एक थोरली मर्सिडीज आढळली. ती कोणाची, असें विचारतां गोअरिंगची असावी, असें उत्तर मिळालें. एवढ्या एका वाक्यावर पुढील पस्तीस वर्षांचा इतिहास उभा राहिला. अमेरिकेंत नेऊन ती गोअरिंगची मोटार म्हणूनच लोकांस दाखविली. सरकारी कर्जरोखे खपविण्याच्या कामीं तिचा उपयोग झाला. मग ती सैन्याच्या कोठारांत पडून राहिली. १९५६ सालीं मेरीलँड प्रांतांतील अ‍ॅबर्डीन येथें लिलाव झाला, तेव्हां ती कॅनडाच्या एका गिऱ्हाइकाकडे गेली. तेथून हस्तांतर होत होत १९७० सालीं ती ओटावा येथील कॅनडाच्या युद्धसंग्रहालयास देणगीदाखल मिळाली, आणि संग्रहालयानेंहि तिला गोअरिंगचीच गाडी म्हणून मांडलें. गोअरिंगला भपका आवडे ही गोष्ट जगजाहीर. एवढी मोठी गाडी त्याचीच असणार, असें प्रत्येकास वाटलें. दंतकथेला अशी अनुकूल जमीन मिळाली कीं तिला पाणी घालावें लागत नाहीं.

या समजुतीला धक्का दिला तो त्याच संग्रहालयाच्या ग्रंथपालानें. लुडविग कोशे हें त्याचें नांव. १९८० च्या सुमारास त्यानें गाडीचा पाठपुरावा आरंभिला. मोटारींचा तो कोणी नामांकित जाणकार नव्हता. पण पुस्तकांची नोंद ठेवणाऱ्यास जी एक खोड असते, कीं कोणत्याहि वस्तूवरील चिठ्ठी आणि वस्तु यांचा मेळ आहे कीं नाहीं हें पाहिल्याखेरीज स्वस्थता नसावी, ती त्याच्या ठिकाणीं पुरेपूर होती. कारखान्याच्या नोंदी, युद्धकाळांतील छायाचित्रें, गाडीचे क्रमांक आणि तिच्या अंगावरील बारीकसारीक खुणा यांची त्यानें ताडून पाहणी केली. या जातीच्या गाड्या दिसण्यांत इतक्या सारख्या असतात, कीं छायाचित्रावरून एक गाडी दुसरीपासून वेगळी ओळखणें म्हणजे जुळ्यांपैकीं थोरला कोणता हें सांगण्यासारखें आहे. परंतु हातानें बांधलेल्या गाडीच्या घडणींत कोठें ना कोठें सूक्ष्म फरक राहतोच, आणि तो एकदां नजरेंत भरला कीं जुन्या चित्रांतून ती गाडी ओळखूं येऊं लागते. शेवटीं निष्पन्न झालें तें असें: गाडी गोअरिंगची नव्हे, १९४० च्या जुलैमध्यें ती बर्लिनला हिटलरच्या दिमतीस रुजू झालेली होती. १९८२ सालीं कोशेनें आपले पुरावे लेखरूपानें प्रसिद्ध केले, आणि संग्रहालयानें पाटी बदलली.

शोध केला म्हणजे मोठें नांव गळून लहान नांव उरतें, हा सामान्य अनुभव. येथें उलट झालें. हिटलरची म्हणून मिरविलेली गाडी मॅनरहाइमची निघाली, आणि गोअरिंगची म्हणून उभी असलेली हिटलरची निघाली. संशोधकानें मनांत आधींच ‘दंतकथा ती खोटीच आणि सत्य तें फिकेंच’ असें ठरवून बसूं नये, याला याहून चांगला दाखला मला तरी ठाऊक नाहीं. आपल्याकडील कांहीं टीकाकारांना प्रत्येक आख्यायिका मोडण्यांतच पुरुषार्थ वाटतो. त्यांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत घ्यावी.

पण नांव बदलतांच गाडीचें स्वरूपहि बदललें. लोखंड तेंच, कांचा त्याच, गोळ्यांच्या खुणा त्याच. तरी गोअरिंगची गाडी ही लुटींतली गंमत होती आणि हिटलरची गाडी हें एक ओझें झालें. तिच्यासमोर लोकांनीं नेमकें कशासाठीं उभें राहावें, असा प्रश्न निघाला. २००० सालीं संग्रहालयानें ती विकून टाकण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हां कॅनडांत मोठी ओरड झाली. विकली तर ती कोणाच्या हातीं जाईल, तो तिची पूजा तर मांडणार नाहीं ना, ही भीति अनेकांनीं व्यक्त केली; आणि ती निराधार नव्हती. १९७३ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅरिझोना प्रांतांत याच जातीची एक मर्सिडीज हिटलरची म्हणून १,५३,००० डॉलरांस गेलेली होती. अखेर विक्रीचा बेत बारगळला व गाडी संग्रहालयांतच राहिली. जिच्या मालकाचें नांव कळण्यासाठीं एका ग्रंथपालानें एवढे श्रम केले, तिची पाटी वाचून कोणी तिच्यापुढें थुंकेल आणि कोणी हात जोडील, हें त्यानें जाणलें असेलच.

येथें आणखी एक शंका येते. हिटलरची गाडी म्हणजे काय? तो स्वतः मोटार हांकीत नसे. ते काम एरिख केम्प्का प्रभृति सारथ्यांकडे असे. त्याच्या पदरच्या गाड्या सरकारी तिजोरीच्या जोरावर आल्या, त्याच्या शेजारच्या बैठकीजवळ उभें राहून सलामी घेण्याची सोय त्यांत केलेली असे, आणि मिरवणुकीबाहेर त्यांचा फारसा उपयोग नव्हता. विकत घेणारा, नोंदलेला मालक, वापरणारा आणि हांकणारा हीं चार माणसें जेथें निरनिराळीं असतात, तेथें ‘मूळ मालक’ हा शब्द ढिला पडतो. तो शब्द खरा घट्ट बसतो तो लहान माणसाच्या बाबतींत; कारण तेथें पैसे मोजणारा, नोंद करणारा आणि बसणारा एकच असतो. आणि गंमत अशी, कीं त्याचाच शोध सहसा कोणी करीत नाहीं.

ज्या राजवटीच्या थोरल्या गाड्यांविषयीं एवढें लिहिलें गेलें, तिनें दुसऱ्यांच्या दारच्या किती मोटारी नेल्या, ही हकीकत त्या मानानें फार थोड्यांस ठाऊक आहे. १९३८ च्या मार्चमध्यें जर्मन फौजा ऑस्ट्रियांत शिरल्या. हिटलर उघड्या मर्सिडीजमधून आपल्या जन्मभूमींत आला आणि १५ मार्च रोजीं व्हिएन्नाच्या हेल्डनप्लाट्स चौकांत अफाट समुदायापुढें त्यानें विजयाचें भाषण केलें. त्याच दिवसांत त्या शहरांतील ज्यूंचीं घरें, दुकानें आणि वाहनें राजरोस बळकावलीं जात होतीं. पांच हजार मार्कांहून अधिक मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यूनें तिची यादी सरकारांत दाखल करावी, असा हुकूम २६ एप्रिल १९३८ रोजीं निघाला. आणि ३ डिसेंबरला हिमलरनें सबंध जर्मन राज्यांतील ज्यूंचे मोटार हांकण्याचे परवाने व मोटारींचीं नोंदपत्रें रद्द केलीं. ज्यांनीं लुटण्यासाठीं या याद्या करविल्या, त्यांनींच साठ वर्षांनंतरच्या संशोधकास उत्तम साधन पुरविलें. अत्याचारी कारकुनी व्यवस्थित असली कीं असा एक विचित्र उपकार तिच्या हातून होऊन जातो.

व्हिएन्ना येथें रोझा ग्ल्युकझेलिग नांवाची एक ज्यू व्यापारी बाई राहत असे. आडनांवाचा अर्थ ‘परमसुखी’ असा आहे. दैवाची थट्टा म्हणावी ती हीच. तिच्याकडे इटलींतील फिअट कंपनीची ५२२ सी नमुन्याची, सहा सिलिंडरांची गाडी होती. ती संस्थानिकांची गाडी नव्हे. बरें चाललेल्या कुटुंबानें कामासाठीं आणि रविवारीं बाहेर जाण्यासाठीं घ्यावी अशा बेताची. त्या मार्च महिन्यांत ती जप्त झाली. कुटुंबानें देश सोडला व तें अर्जेंटिनास गेलें. गाडी शॉनब्रुनच्या राजवाड्याच्या बागा सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या उपयोगास लागली. युद्ध झालें, राजवट गेली, पण बागखातें राहिलें आणि गाडीहि राहिली. पुढें जुनी झाल्यावर ती व्हिएन्नाच्या टेक्निकल म्युझियमकडे, म्हणजे तेथील यंत्रवस्तूंच्या संग्रहालयाकडे, आली. १९३० च्या सुमारच्या मोटारींचा एक चांगला नमुना म्हणून ती तेथें मांडली गेली, आणि कित्येक पिढ्यांच्या मुलांनीं ती तशीच पाहिली असेल. तिला कोणी हिटलरची म्हटलें नाहीं, कोणी गोअरिंगची म्हटलें नाहीं. एका सरकारी खात्याकडून दुसऱ्या सरकारी संस्थेकडे आलेली वस्तु. तिचा पूर्वेतिहास विचारण्याचें कोणास कारणच पडलें नाहीं. दंतकथा निर्माण होण्याइतकेंहि भाग्य या गाडीच्या वांट्यास आलें नव्हतें.

१९९८ सालीं ऑस्ट्रियानें एक कायदा केला. नाझी अमलांत बळकावलेल्या ज्या वस्तु सरकारी संग्रहालयांत येऊन पडल्या आहेत, त्या मूळ मालकांस किंवा त्यांच्या वारसांस परत करण्याची वाट या कायद्यानें मोकळी झाली. लोकांच्या डोळ्यांपुढें त्या वेळीं मोठमोठीं तैलचित्रें होतीं. वर्तमानपत्रांतील मजकूरहि त्यांच्याविषयींच. यंत्रांच्या संग्रहालयांत कोण काय शोधणार, असें कोणासहि वाटलें असतें. तरी तेथील माणसांनीं १९३८ नंतर आलेल्या वस्तूंच्या नोंदी एकामागून एक तपासावयास घेतल्या. फिअटच्या नोंदींत देणारें होतें बागखातें. आतां बागांची देखभाल करणाऱ्या खात्याकडे ही गाडी आली कोठून, एवढा एक साधा प्रश्न विचारणें बाकी होतें. तो विचारला गेला, आणि दप्तरांतून रोझा ग्ल्युकझेलिग हें नांव वर आलें.

नांव मिळालें म्हणजे काम संपत नाहीं. हिटलरच्या गाडीचा शोध एका नांवापाशीं येऊन थांबला, कारण त्या नांवाची आणखी ओळख करून द्यावी लागत नव्हती. येथें खरें काम नांवानंतरचें होतें. स्थलांतर करून गेलेल्या माणसांचा माग भाषा बदलते, गांव बदलतें, मुलींचीं आडनांवें बदलतात तिथें तिथें तुटतो. समुद्रापलीकडे पत्रें पाठवावीं, वाट पाहावी आणि पुन्हां पाठवावीं लागतात. आणि मग दोन पिढ्यांनंतरच्या माणसांना सांगावें लागतें, कीं तुमच्या घरची एक मोटार आमच्याकडे आहे. या कामास कोणी तिकीट लावीत नाहीं.

वारस अर्जेंटिनांत मिळाले. २००८ सालीं गाडी कायदेशीर रीतीनें त्यांची झाली. मग संग्रहालयानें त्यांना किंमत देऊन ती त्यांच्याकडून विकत घेतली. म्हणजे त्या फिअटची पहिली प्रामाणिक विक्री झाली तेव्हां बाई हयातींत सौदा करणारी होती, आणि दुसरी झाली ती सत्तर वर्षांनीं, तिच्या वारसांच्या सहीनें. मधल्या काळांत जें जें हस्तांतर झालें त्यांत मालकाची सही कोठेंच नव्हती. गाडी पुन्हां त्याच संग्रहालयांत उभी राहिली, आतां धन्याच्या नांवासह. शॉनब्रुनची ती बाग तेथून हांकेच्या अंतरावर आहे.